आवाज आला, हात गेले

‘ताई, जवळजवळ सगळं आलंय,’ असं धाकटा भाऊ फोनवर म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासणं हे माझं काम आहे. ‘मॅडम, जवळजवळ सगळं ओके आहे,’ असं म्हणणारा सप्लायर समोर आला की मी हातातला चहा तसाच ठेवून उठते. ओके मालाला कुणी ‘जवळजवळ’ लावत नाही.

गुरुवारी तो आमच्या रहाटणीच्या फ्लॅटवर आला. आमच्या पट्ट्यात बरेचसे कारखाने गुरुवारी बंद असतात, त्यामुळं आमचा रविवार गुरुवारीच येतो. त्याच्या एका हातात माझ्या माहेरच्या, कुरुळीच्या घरामागची मेथी, दुसऱ्या हातात नवी हार्ड डिस्क. दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, ‘बघ लावून. मी चेक केलंय सगळं.’

मी लॅपटॉपला डिस्क लावली. फायलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. पहिली फाईल उघडली. पडद्यावर एक हिरवा चौकोन आला आणि तो हलेना. आवाज मात्र सुरू झाला. कुकरची शिट्टी, अंगणातल्या कोंबड्या, आणि माझाच आवाज, ‘आबा, इकडं बघा. इकडं.’

‘एकदम क्लिअर,’ भाऊ म्हणाला.

‘काय क्लिअर?’

‘आवाज.’

आमच्या वडिलांना, आबांना, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळं बोलताही येत नव्हतं. तो माणूस आयुष्यभर हातांनी बोलला. त्या व्हिडिओंत त्यांचं म्हणून जे काही होतं ते सगळं चित्रात होतं. आवाज होता तो आमचा, कोंबड्यांचा आणि कुकरचा. आणि त्यांचा मुलगा मला सांगत होता की आवाज एकदम क्लिअर आलाय.

आबा शाळेत गेले नाहीत. खुणांची जी भाषा शाळेत शिकवतात ती त्यांना कुणी शिकवली नाही. त्यांची भाषा आधी त्यांनी आणि त्यांच्या आईनं केली, लग्नानंतर त्यांनी आणि आमच्या आईनं ती वाढवली. घरच्या घरी, लागेल तशी. प्रत्येक माणसाला एक खूण होती. चिमटीत खडा धरल्यासारखं करून ती डोळ्याजवळ नेली की ती मी, कारण लहानपणापासून तांदूळ निवडायला मीच बसायचे. कानाची पाळी ओढली की भाऊ, कारण त्याची ती पाळी सगळ्यांत जास्त आबांनीच ओढली होती. कपाळावर बोट टेकवलं की आई. भावजयीला मिळालेली खूण तिला कधीच आवडली नाही: तळहातावर अंगठा वर-खाली, मोबाइल चाळल्यासारखा.

ही भाषा जगात चार माणसांना येत होती. दोन वर्षांपूर्वी आबा गेले. उरलेल्या तिघांतली मी रहाटणीत, आणि भाऊ घरात असला तरी त्याचे हात फोनमध्ये. आईच्या हातांना बोलायला माणूसच राहिला नाही.

म्हणून त्या व्हिडिओंची एवढी किंमत होती. आबांच्या शेवटच्या काही वर्षांत सुट्टीला कुरुळीला गेले की मी त्यांना मोबाइलवर घ्यायचे. भाजी निवडताना, शेजाऱ्याची टिंगल करताना, आईशी भांडताना. ते गेल्यावर मी माझ्या, आईच्या आणि नवऱ्याच्या फोनमधलं सगळं एका हार्ड डिस्कवर घेऊन फोन रिकामे केले, ती कुरुळीच्या घरच्या टीव्हीला जोडली आणि आईला रिमोट शिकवला. जेवणं झाली की आई टीव्हीसमोर बसायची, आबांचं एखादं बोलणं लावायची आणि हातांनी उत्तरं द्यायची. भावजय मला फोनवर सांगायची, ‘वन्सं, आत्याबाई टीव्हीशी भांडायल्यात बघा.’ मी म्हणायचे, भांडू दे.

त्यातली आईची सगळ्यांत आवडती म्हणजे जीपची गोष्ट. आमच्या शिवारातून कंपन्यांचा रस्ता जायचा होता तेव्हा मोजणीला एक साहेब जीपमधून आला. पाऊस होऊन गेलेला. जीप आमच्या काळ्या रानात रुतली. साहेब बुटांना चिखल लागेल म्हणून खाली उतरेना. शेवटी आबांनी बैलजोडी जुंपली आणि साहेबासकट जीप ओढून काढली. हे सगळं आबा हातांनी सांगायचे. चाक जागेवर फिरतंय, साहेब गॉगल पुसतोय, बैलांनी मान खाली घातलीय. आणि शेवटी, जीप बाहेर आल्यावर, डावा बैल मागं वळून साहेबाकडं बघतो. तो बघणारा बैल आबा करायचे. दरवेळी आई तोंडाला पदर लावून हसायची, जणू पहिल्यांदाच बघतेय.

भावाला मी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, ही डिस्क टीव्हीपासून हलवायची नाही. दोन, तुझ्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर सगळं कॉपी करून ठेव. घराला लागूनच त्याचं प्रेसचं शेड आहे. कंपन्यांना पत्र्याचे छोटे भाग दाबून देतो. तो म्हणाला, ‘केलंय ताई.’ मला स्क्रीनवर फोल्डरही दाखवलं. ‘आबा’ असं नाव, कोपऱ्यात छोटा बाण. बाण कसला म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘असतोच तो.’

होळी होऊन गेल्यावर आईचा फोन आला. ‘टीव्ही बिघडलाय गं. लई दिस झालं. ह्यो दुरुस्त करून आणतो म्हणतो अन् आणतच न्हाई.’

मी गेले तर आई शेंगा फोडत बसलेली आणि समोर टीव्ही ढणाढणा चालू. कुठलीशी मालिका लागली होती.

‘हा तर चालतोय,’ मी म्हटलं.

‘ह्यो चालतोय. आबांचा तेवढा बिघडलाय, असं म्हणला त्यो.’

मी चप्पलसुद्धा न काढता शेडमध्ये गेले. प्रेस चालू होता. प्रेसच्या आणि भावाच्या केबिनच्या मध्ये एक पत्रा आणि हातभर जागा. टेबलावरच्या ग्लासातल्या चहावर दर ठोक्याला वर्तुळं उठत होती. त्या ग्लासाशेजारी आबांची डिस्क.

‘ही इथं काय करतेय?’

‘कुठली?’

‘कान ओढू का?’

तो उठून उभा राहिला. ‘चारच दिवसांसाठी आणली होती गं. ऑडिटवाला म्हणला, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. कॉम्प्युटर फुल्ल झालेला. म्हटलं, हिच्यात जागा आहे.’

‘चार दिवस कधीचे?’

‘दिवाळीचे.’

म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत ती डिस्क प्रेसशेजारी, रात्रंदिवस फिरत, दर ठोका सोसत, त्याच्या शेडमधल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग गिळत बसली होती. एक दिवस ती कट् कट् करायला लागली आणि बंद पडली. आईला मात्र यानं डिस्क नेली त्या दिवसापासून सांगितलं होतं, टीव्ही बिघडला.

‘आणि तू केलेली कॉपी?’

‘ती आहे ना! ती कुठं जातेय?’ त्यानं मोठ्या विश्वासानं ‘आबा’वर क्लिक केलं. काही उघडलं नाही. पुन्हा केलं. ‘अरे राव...’

ते फोल्डर नव्हतंच. फोल्डरकडं जायची पाटी होती. गाव वाहून गेलं होतं आणि हा पाटी दाखवत होता.

‘डिस्क काय कुणाचीबी खराब होते. मी मुद्दाम केलं का?’

मी त्याचं कपाट उघडलं. आत त्याचं मापाचं सामान, व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्रत्येकाला वेगळा डबा आणि डब्यात मखमल. ‘हे का नाही ठेवलं प्रेसजवळ?’

‘हादऱ्यानं माप हलतं ना ताई.’

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी कपाट लावलं आणि निघाले. बोलले असते तर ते शेडमधल्या माणसांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

घरात आले तर आमचा आवाज आईपर्यंत गेलेला होता. ‘भांडू नगा. जीप तेवढी घावती का बघा,’ ती म्हणाली आणि तिनं शेंगांचं सूप बाजूला सारून मला गोष्ट करून दाखवायला घेतली. चाक फिरलं. साहेबानं गॉगल पुसला. बैलांनी मान खाली घातली, जीप निघाली. आणि तिथं आईचे हात हवेत थांबले. तिनं हात खाली घेतले, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच थांबली.

‘म्होरं काय करायचे गं ते? बैल बघतो, ते कसं करायचे?’

मला बैल मागं बघतो हे माहीत होतं. आबा ते कसं करायचे, मान किती वळायची, हात कुठं असायचा, हे माझ्याही हातात नव्हतं. मी करून बघितलं. आईनं मान हलवली. ‘न्हाई. असं न्हाई.’ मग आपल्या हातांकडं बघून म्हणाली, ‘माझं हात इसराया लागलं.’

त्या एका वाक्यानं माझा संताप जो चढला तो अजून उतरलेला नाही.

डिस्क मी नेते म्हटलं तर भाऊ म्हणाला, ‘माझ्याकडनं झालंय, मी निस्तरतो.’ पिंपरीच्या बाजारात एका गाळ्यात डेटा काढून देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडं देऊन आला. आणि आता हे जवळजवळ सगळं घेऊन माझ्या टेबलाशी बसला होता.

‘तू चेक कसं केलंस, ते सांग,’ मी विचारलं.

‘उघडून. उघडली की ओके. एक नाही उघडली ती बाजूला.’

‘किती वेळ बघितली?’

‘बघायची कशाला? उघडली ना.’

त्याच्या शेडमध्ये भोकं तपासायला एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं आणि दुसरं टोक अजिबात जाता कामा नये. दोन्ही टोकं लावली तरच तपासणी. घाईच्या दिवशी सगळेच सप्लायर पहिलं टोक घालतात, गेलं की क्रेटमध्ये फेकतात. यानं आबांना तसंच तपासलं होतं. पहिलं टोक गेलं, फाईल उघडली, माल ओके.

‘माझ्यासारखी कुणी तुझा लॉट परत पाठवते तेव्हा शिव्या देतोस ना तिला?’ मी म्हटलं. त्याचा माल आमच्या कंपनीत येत नाही, पण त्याला कळलं. मेथी तशीच ठेवून, चहाही न घेता गेला.

मी त्या गाळ्यातल्या माणसाला फोन लावला. तो निदान सरळ बोलला. ‘मॅडम, मोबाइलचे व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पडलेले होते, त्यांचीच जास्त वाट लागलीय. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सलग पडलेलं, ते चांगलं निघालं. मी सरांना म्हटलं होतं, एकेक बघून घ्या.’

सरांनी एकेक बघून घेतलं नव्हतं. मग मी घेतलं.

त्यानंतरचे गुरुवार मी त्यातच घातले. सकाळी स्वयंपाक उरकायचा, लॅपटॉप घेऊन बसायचं. प्रत्येक फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बघायची. शंका आली तर पूर्ण. तीन फोल्डर केले, कंपनीत क्रेट असतात तसे: हिरवा, पिवळा, लाल. पूर्ण चांगली ती हिरव्यात, अर्धीमुर्धी पिवळ्यात, चित्र गेलेली लालमध्ये. लाल भरत गेला. आबांनी हात वर केला आणि हात तिथंच गोठला. आबांचा चेहरा आहे आणि छातीखाली सगळं रंगीत चौकटींचं पीठ, म्हणजे नेमके हात गेले. कुठं चित्र पुढं सरकतं पण असं की एका खुणेतून मधलं सगळं उडून थेट तिसरी खूण येते. बोलणारा माणूस मध्येच शब्द गाळायला लागला तर जसं होईल तसं. आणि खाली आवाज कसा, ठणठणीत. ‘आबा, इकडं बघा.’ ज्याला ऐकू येत नाही त्याला मी दरवेळी हाक मारलेली आहे. त्यातली मात्र एकही हाक खराब झाली नाही.

हिरव्यातही काही पडलं. आबा लसूण सोलत आईला सांगतायत की सून मीठ जास्त घालते. आबा मला सांगतायत की तू वाळलीस. ही दोन-चार बोलणी मी तेव्हाच वेगळ्या डिस्कवर घेतली.

आई रोज फोन करायची. ‘जीप घावली का?’

जीप सापडली. पहिल्यांदा आवाजावरून ओळखली, कारण सगळ्यांचं हसणं होतं, आईचं सगळ्यांत मोठं. चित्रात आबा अंगणात खुर्चीवर सरसावून बसले, चाक करायला दोन्ही हात उचलले, आणि हिरवा चौकोन. पुढं सगळी गोष्ट नुसती हसण्यातून ऐकू आली. इथं साहेब गॉगल पुसत असेल. इथं बैल जुंपले. इथं, सगळ्यांत मोठ्या हशाला, बैलानं मागं बघितलं असेल. मी लॅपटॉप बंद केला आणि ओट्यावरची भांडी घासायला घेतली. नवरा आत आला, म्हणाला, ‘अगं, बाई येणारे ना?’ मी म्हटलं, ‘तुम्ही बाहेर थांबा.’ तो थांबला. शहाणा माणूस आहे.

नंतर तोच म्हणाला, ‘ते शेडच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काढून टाक ना. निम्मं काम कमी होईल.’ भावानंही फोनवर तेच सांगितलं होतं, ‘ते आमचं डिलीट मार सरळ. ऑडिट झालं.’ त्या फायली सगळीकडं मिसळलेल्या होत्या, आणि नावं नसल्यामुळं उघडेपर्यंत कळायचं नाही की आत आबा आहेत की प्रेस. पण न बघता माल फेकायचा नाही, ही माझी सवय आहे. एक उघडली, पुढं पळवली.

केबिनच्या आतला कॅमेरा भावाच्या डोक्यावर, दाराकडं तोंड करून लावलेला आहे. कोण आलं-गेलं ते दिसावं म्हणून. खाली भावाचं टक्कल, समोर दार. आणि दारात आबा.

मी क्षणभर तारखांचा हिशेब घालत बसले, कारण डिस्क केबिनमध्ये नेली ती आबा गेल्यानंतर. मग उमगलं. कॉम्प्युटर फुल्ल झाला तेव्हा यानं आधीपासून साठलेलं जुनं रेकॉर्डिंगही उचलून डिस्कवर टाकलं होतं.

आबांना शेडमध्ये बसायला आवडायचं. प्रेसचा ठोका पायांना कळतो, असं ते सांगायचे. त्यांच्यासाठी दाराशी एक खुर्ची असायची. आता ते तिथून उठून केबिनच्या दारात आले होते, तोंड सरळ कॅमेऱ्याकडं. चित्र स्वच्छ. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही, आणि आबांना त्याची गरज नव्हती. त्यांनी कानाची पाळी ओढली. बोटं जुळवून तोंडाजवळ नेली. मग तळवा उलटा केला, प्रश्न. जेवलास का?

टक्कल वर झालं नाही. फोन चालू होता. आबा थांबले, परत विचारलं. मग दारावर थाप मारली असावी, कारण टक्कल जरा हललं आणि एक हात वर झाला. थांबा, असा. आबा थांबले, बराच वेळ. मग गेले.

पुढची फाईल, वेगळा शर्ट, तेच. त्याच्या पुढची, स्वेटर, तेच. मला ज्याचे जेमतेम दोन-चार तुकडे मिळाले ते बोलणं या कॅमेऱ्यानं रोज समोरून टिपलं होतं, आणि ज्याच्यासाठी ते होतं त्यानं एकदाही मान वर केली नव्हती. मी ते सगळं हिरव्यात टाकलं.

मग शेडमधल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला घेतलं, एकही न सोडता. आणि जेवणाच्या सुट्टीत, प्रेसशेजारी उलट्या क्रेटवर बसून, लातूरकडच्या एका नव्या ऑपरेटरला आबा जीपची गोष्ट सांगताना सापडले. कॅमेरा बाजूनं होता, पण हात पूर्ण दिसत होते. चाक फिरलं. गॉगल पुसला. तो ऑपरेटर डबा मांडीवर ठेवून हसत होता. बैल जुंपले, मान खाली गेली, जीप निघाली. मी खुर्चीच्या कडेला आले. आबांनी खांदा वळवायला घेतला, आणि चित्रात माझा भाऊ आला. त्यानं आबांच्या पाठीवर हात ठेवला, दाराकडं बोट दाखवलं. कुणी कंपनीचा माणूस येत असणार. आबा उठले. गोष्ट तिथंच राहिली.

पुढच्या गुरुवारी मी कुरुळीला गेले. आईला टीव्हीसमोर बसवलं आणि भावाला म्हटलं, तूही बस. भावजय दारात उभी राहिली. खरं सांगायचं तर मी त्याला सगळ्यांसमोर दाखवायलाच गेले होते. मी आधी केबिनच्या फायली लावल्या, एकामागून एक. जेवलास का. जेवलास का. जेवलास का.

भाऊ म्हणाला, ‘मला दिसलंच नाही, ताई.’

‘दिसायला वर बघावं लागतं.’

‘धंदा करायचा का...’

‘कर की. धंदा कोण बंद कर म्हणतंय? जेवलो, एवढं एका हातानं होतं.’

आईचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. ती पुढं सरकली होती आणि टीव्हीला उत्तर देत होती. तिनं कानाची पाळी ओढली, नाही म्हणून हात हलवला, तोंडाजवळ बोटं नेली. न्हाई जेवला त्यो अजून. मग आमच्याकडं न वळताच म्हणाली, ‘तुमी दोघं बाहीर जाऊन भांडा. मला ह्ये बघू द्या.’

भाऊ उठला नाही. मग मी जीप लावली. आईचे हात आबांच्या बरोबरीनं चालले. चाक, गॉगल, मान. आबा उठून गेले, चित्र संपलं आणि आईचे हात पुन्हा तिथंच हवेत राहिले. तिनं नुसतं भावाकडं बघितलं, ज्यानं तिथं येऊन हात ठेवला होता.

निघताना भाऊ माझ्यामागं अंगणात आला. ‘ताई, मला एक कॉपी दे.’

‘नाही.’

‘माझेबी वडील होते ते.’

‘मग त्यांच्या भाषेत माग. जीपची गोष्ट तूच सगळ्यांत जास्त वेळा बघितलीयस, तुझ्याच शेडमध्ये सांगायचे ते. शेवटासकट आईला करून दाखव. बरोबर आली तर कॉपी.’

‘हे काय ताई, पोरखेळ आहे का?’

‘तपासणी आहे,’ मी म्हटलं आणि गाडीला किक मारली.

दोन गुरुवार तो फिरकला नाही. तिसऱ्या गुरुवारी मी कुरुळीत असताना हात पुसत आत आला, आईसमोर मोढ्यावर बसला, फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. आणि त्यानं सुरुवात केली. चाक बरं केलं. साहेबाचा गॉगल नाकातून निसटत होता. बैल जुंपताना एक खूण गाळली, ती मी पकडली. मग शेवट. त्यानं मान वळवली, डोळे मोठे केले आणि जीभ जरा बाहेर काढली.

‘ह्यो बैल हाय का शेळी?’ आई म्हणाली.

दारातून भावजय हसली. भाऊ लाल झाला. ‘असंच करायचे ते.’

‘असं न्हाई रं! डोळं मोठं कशाला? बैल भितोय व्हय सायबाला?’ आई चिडली होती. तिनं त्याचा खांदा धरून मागं ढकलला, स्वतः सरसावून बसली. ‘आदी खांदा. मग मान. हळू. आन डोळं अर्धं मिटल्यालं, रवंथ करत. असं.’

आणि तिनं केलं. खांदा वळला, मागून मान आली, जबडा सावकाश फिरला, आणि अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी तिनं माझ्या भावाकडं असं बघितलं, जणू चिखलात रुतलेला साहेब तोच आहे. तिला स्वतःलाही कळलं नाही की तिनं केलं. तिचं सगळं लक्ष तो किती चुकतोय याच्यावर होतं.

मी फोन काढला. ‘आई, परत एकदा. पहिल्यापासून.’

‘ह्याला यीना म्हणून का?’

‘हो. ह्याला येत नाही म्हणून.’

तिनं पूर्ण गोष्ट केली, शेवटासकट. मी ती आधी शेवटापर्यंत बघितली, मग तीन ठिकाणी ठेवली. एक प्रत माझ्याकडं, एक माझ्या मुलीकडं पुण्यात, आणि एक आईच्या टीव्हीला, जिथून ती हलवली तर काय होईल हे भावाला चांगलं माहीत आहे.

त्याला कॉपी दिलेली नाही. तो दर गुरुवारी आईसमोर बसतो, बैल करतो, आणि आई ओरडते. गेल्या वेळी मान बरोबर वळली होती, पण खांदा मागून आला. मी बैल परत पाठवला.